हस्तपादास्थी आणि आद्य मानवाचे वर्तन

मानवाच्या पूर्वजांचे हात व पाऊल यांच्या ज्या अस्थी जीवाश्मरूपात मिळतात, त्यांवरून त्या पूर्वजांच्या चालण्याच्या, झाडावर चढण्याच्या, वस्तू धरण्याच्या आणि हत्यारे घडविण्याच्या सवयींचे अनुमान करता येते. कवटी व दात यांच्या अभ्यासाच्या मानाने हा अभ्यास उशिरा सुरू झाला. त्याचे कारण सामग्रीच्या दुर्मिळतेत आहे. प्रौढ मानवी शरीरात साधारणतः २०६ अस्थी असतात. त्यांपैकी प्रत्येक हातात २७ (मनगटात ८, तळहातात ५ व बोटांत १४) आणि प्रत्येक पावलात २६ (घोटा व टाच या भागात ७, तळपायात ५ व बोटांत १४) अस्थी असतात. म्हणजे दोन हात व दोन पावले मिळून १०६ अस्थी होतात व सांगाड्यातील निम्म्याहून अधिक हाडे शरीराच्या या चार टोकांना एकवटलेली असतात. परंतु ती लहान, सुटी व बहुतेक सच्छिद्र असल्याने मृत्यूनंतर लवकर विखुरतात. श्वापदे ती चघळतात, पाणी ती वाहून नेते आणि आम्लधर्मी माती ती विरघळवून टाकते. दातावर कठीण कवच असल्यामुळे तो लाखो वर्षे टिकतो; अंगठ्याचे हाड क्वचितच टिकते.

या अस्थींचे महत्त्व त्यांच्या कार्यात आहे. डोके, दात व जबडा यांवरून प्राण्याचे नाते व आहार कळतो. पण शरीराचा जमिनीशी व वस्तूशी प्रत्यक्ष संबंध येतो, तो पाऊल व हात यांच्या द्वारे. हाडावर येणारा भार बदलला की हाडाची जाडी, वक्रता, सांध्याच्या पृष्ठांची दिशा आणि आतील जाळीदार रचना बदलते. यांपैकी काही बदल आनुवंशिक असून ते संपूर्ण जातीचा इतिहास सांगतात. काही बदल एका व्यक्तीच्या आयुष्यभराच्या सवयीमुळे घडतात. या दोहोंची गल्लत झाल्यास अनुमान चुकते. फांदीला लोंबकळणाऱ्या पूर्वजापासून वारशाने आलेले वक्र बोट जमिनीवर राहणाऱ्या वंशजातही काही काळ टिकून राहू शकते. त्यामुळे वक्र बोट दिसले की तो प्राणी झाडावर राहत होता, असे लगेच म्हणता येत नाही. आतील जाळीदार रचना मात्र प्रत्यक्ष वापराप्रमाणे बदलते, म्हणून अलीकडे क्ष-किरणांच्या सूक्ष्म छेदचित्रणाने तिचा अभ्यास करण्यावर भर दिला जातो.

चार्ल्स डार्विन याने १८७१ मध्ये अशी कल्पना मांडली होती, की दोन पायांवर चालणे, हात मोकळे होणे, हत्यारांचा वापर आणि सुळ्यांचा ऱ्हास या गोष्टी एकमेकींशी निगडित आहेत. ही कल्पना आकर्षक असली, तरी तिची कसोटी पाहण्याजोगे एकही पाऊल किंवा हात त्या वेळी उपलब्ध नव्हता. पुढील शतकभरात जे पुरावे मिळाले, त्यांनी या साखळीतील दुवे परस्परांपासून बरेच दूर नेऊन ठेवले.

पाऊल : मानवी पावलाची वैशिष्ट्ये म्हणजे इतर बोटांच्या ओळीत आलेला व न वळणारा अंगठा, जाड टाच आणि लांबीच्या दिशेने असलेली कमान. वानरांचा पायाचा अंगठा बाजूला वळतो व फांदी पकडतो. इथिओपियातील अरामिस येथे मिळालेल्या आर्डिपिथेकस रॅमिडस या सु. ४४ लक्ष वर्षांपूर्वीच्या प्राण्याच्या सांगाड्याचे सविस्तर वर्णन २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचा पायाचा अंगठा पकड घेणारा होता. तरीही कटिभागाच्या रचनेवरून तो जमिनीवर उभा चालत असावा, असे त्याच्या अभ्यासकांचे मत आहे. टांझानियातील लेटोली येथे मेरी लीकी यांच्या पथकास १९७८ मध्ये ज्वालामुखीच्या राखेत उमटलेल्या पावलांची मालिका सापडली. या ठशांचे वय सु. ३६·६ लक्ष वर्षे आहे. टाच आधी टेकणे व अंगठ्याने जोर देऊन पाऊल उचलणे ही क्रिया त्यांत स्पष्ट दिसते. हाडे शरीराची क्षमता दाखवितात. ठसा प्रत्यक्ष कृती दाखवितो. म्हणून लेटोलीच्या ठशांस या अभ्यासात वेगळे स्थान आहे.

इथिओपियातील हडार येथे १९७४ मध्ये ‘ल्यूसी’ हा ऑस्ट्रॅलोपिथेकस अफारेन्सिस या जातीचा सांगाडा मिळाला आणि पुढील वर्षी त्याच परिसरात त्याच जातीच्या अनेक व्यक्तींच्या हातापायांची हाडे मिळाली. त्यांच्या बोटांची हाडे वक्र असल्याने हा प्राणी झाडावर बराच वेळ घालवीत असे की पूर्णतः जमिनीवरच वावरत असे, यावर १९८० नंतर तीव्र वाद झाला. तळपायाच्या एका हाडाच्या अभ्यासातून २०११ मध्ये या जातीच्या पावलास कमान होती, असे दाखविण्यात आले. त्यामुळे चालण्याविषयीची शंका बरीचशी दूर झाली. तथापि, दिकिका येथे मिळालेल्या याच जातीच्या लहान मुलाच्या पावलाचे वर्णन २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा बालकाचा अंगठा प्रौढांच्या मानाने अधिक हलणारा असावा, असे दिसून आले. चालणाऱ्या आईला बिलगून राहण्यासाठी किंवा झाडाच्या आश्रयासाठी मुलाला त्याचा उपयोग होत असावा. याच काळात सर्व मानवसदृश प्राणी एकाच पद्धतीने चालत होते, असेही नाही. इथिओपियातीलच बुर्तेले येथील सु. ३४ लक्ष वर्षांपूर्वीच्या आठ पादास्थींत (प्रसिद्धी २०१२) पकड घेणारा अंगठा आढळला.

दक्षिण आफ्रिकेतील स्टेर्कफाँटेन गुहेचे उदाहरण संशोधनाच्या पद्धतीच्या दृष्टीने उद्‌बोधक आहे. रॉनल्ड क्लार्क यांना १९९४ मध्ये जनावरांची हाडे म्हणून ठेवलेल्या पेटीत मानवसदृश प्राण्याच्या डाव्या पावलाची चार हाडे आढळली. तो प्राणी ‘लिटल फुट’ या नावाने प्रसिद्ध झाला. पुढे १९९७ मध्ये त्या हाडांचा माग काढीत गुहेत उरलेला सांगाडाही सापडला. संग्रहालयातील पेट्या पुन्हा उघडून पाहणे हेही उत्खननच होय.

हात : ब्रिटिश शरीरविज्ञ जॉन नेपिअर यांनी १९५६ मध्ये मानवी हाताच्या पकडीचे दोन मूलभूत प्रकार सांगितले. हातोडा किंवा कोयत्याची मूठ तळहात व बोटे यांनी आवळून धरणे ही बलपकड होय आणि सुई किंवा तांदळाचा दाणा अंगठा व बोटांची टोके यांमध्ये धरणे ही नेमकी पकड होय. दुसऱ्या प्रकारासाठी लांब व बळकट अंगठा, तुलनेने आखूड बोटे आणि रुंद बोटटोके आवश्यक असतात. टांझानियातील ओल्डुवाय घळीत १९६० मध्ये एका तरुण व्यक्तीच्या हाताची हाडे व जवळच एक पाऊल मिळाले. त्यांचे वय सु. १८ लक्ष वर्षे आहे. या सामग्रीवरून लुई लीकी, फिलिप टोबायस व नेपिअर यांनी १९६४ मध्ये होमो हॅबिलिस, म्हणजे ‘हातकसबी मानव’, ही जाती प्रस्थापित केली. एखाद्या जातीस तिच्या हाताच्या कौशल्यावरून नाव मिळाल्याचे हे उदाहरण अपूर्वच म्हणावे लागेल. ओल्डुवायच्या त्या पावलावर मगरीच्या दातांच्या खुणा आहेत. त्या मानवाचा वावर पाणवठ्याशी होता व तो निर्धोक नव्हता, एवढे त्या खुणा सांगतात.

हत्यारांचा आरंभ मात्र होमो हॅबिलिसपासून झाला नाही, असे आता दिसते. केन्यातील लोमेक्वी येथील दगडी हत्यारे सु. ३३ लक्ष वर्षांपूर्वीची असल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. त्याच वर्षी ऑस्ट्रॅलोपिथेकस आफ्रिकानसच्या तळहाताच्या हाडांतील जाळीदार रचना मानवासारख्या जोरकस पकडीशी जुळते, असे निरीक्षण प्रसिद्ध झाले. मधल्या बोटाच्या मुळाशी तळहाताच्या हाडावर एक लहान टोकदार उंचवटा असतो. दगडावर दगड मारताना मनगटाकडे जाणाऱ्या धक्क्यात ते हाड जागेवर राहावे, यासाठी तो उपयोगी पडतो. वानरांत तो नसतो. पश्चिम तुर्काना येथील सु. १४ लक्ष वर्षांपूर्वीच्या एका हाडात तो पूर्ण विकसित स्वरूपात असल्याचे २०१३ मध्ये आढळले. म्हणजे दोन पायांवरील चालणे आणि मानवाचा आजचा हात यांच्यामध्ये वीस लक्ष वर्षांहून अधिक अंतर आहे. हात मोकळे झाले म्हणून लगेच कसबी झाले, ही समजूत टिकत नाही. दक्षिण आफ्रिकेतील होमो नालेडी (शोध २०१३) या जातीत तर पाऊल जवळजवळ आधुनिक, मनगट व अंगठा हत्यारे घडविण्यास योग्य. पण बोटे वक्र असा संमिश्र नमुना सु. ३ लक्ष वर्षांपूर्वीही टिकून होता.

हस्तपादास्थींवाचून केलेले अनुमान किती दूर भरकटू शकते, याचा धडा भारतीय सामग्रीनेच दिला आहे. हिमाचल प्रदेशातील हरितल्यांगर येथे जी. ई. लेविस यांस १९३२ मध्ये वरच्या जबड्याचा एक तुकडा मिळाला. त्याला त्यांनी १९३४ मध्ये रामापिथेकस असे नाव दिले. पुढे १९६१ पासून त्या प्राण्यास मानवाचा सर्वांत जुना पूर्वज मानण्यात येऊ लागले. आखूड चेहरा, लहान सुळे यांवरून तो दोन पायांवर चालत असावा व हातांनी साधने वापरीत असावा, असे पाठ्यपुस्तकांतूनही सांगितले जाई. वास्तविक त्याचे एकही पाऊल किंवा हात कोणी पाहिलेला नव्हता. रेण्वीय जीवविज्ञानाने मानव व आफ्रिकी वानर यांच्या फुटीचा काळ सु. ५० लक्ष वर्षांवर आणल्यावर (१९६७) ही कल्पना डळमळली. पाकिस्तानातील पोतवार पठारावरील शिवापिथेकसचा चेहरा ओरांगउटानशी जुळतो, हे १९८२ मध्ये स्पष्ट झाले आणि रामापिथेकसचा समावेश शिवापिथेकसमध्येच करण्यात आला. शिवापिथेकसच्या अवयवांची जी हाडे मिळाली, ती चार पायांवर चालणाऱ्या व झाडांवर वावरणाऱ्या प्राण्याची आहेत.

भारतातील आद्य मानवाचा सर्वांत महत्त्वाचा जीवाश्म मध्य प्रदेशात नर्मदेच्या काठी हथनोरा येथे अरुण सोनकिया यांना ५ डिसेंबर १९८२ रोजी मिळाला. तो कवटीचा वरचा भाग आहे. नंतर त्या परिसरात गळपट्टीच्या व बरगडीच्या हाडांचीही नोंद झाली. हात आणि पाऊल तेथेही नाहीत.

महाराष्ट्र : महाराष्ट्रात पुराणाश्मयुगीन मानवाचे अस्तित्व दगडी हत्यारांवरूनच मान्य करावे लागते. ह. धी. सांकलिया यांनी १९५४ मध्ये प्रवरेच्या काठी नेवासे येथे केलेले संशोधन, गुद्रुन कोर्विनस यांचे चिरकी येथील उत्खनन (१९६६–६९), कऱ्हा खोऱ्यातील मोरगाव व जुन्नर तालुक्यात कुकडी नदीवरील बोरी या स्थळांवरून अॅश्यूलियन परंपरेच्या हातकुऱ्हाडी व फरशा मिळाल्या आहेत. बोरीच्या हत्यारांजवळील ज्वालामुखीय राखेच्या थराचे वय प्रथम सु. १४ लक्ष वर्षे (१९८९), नंतर सु. ६·७ लक्ष वर्षे (१९९५) असे सांगण्यात आले. रासायनिक घटनेच्या आधारे ती राख सुमात्रातील टोबा ज्वालामुखीच्या सु. ७४,००० वर्षांपूर्वीच्या उद्रेकाची असावी, असे इतर अनेक अभ्यासकांचे मत आहे. वयाचा प्रश्न कसाही सुटला, तरी हत्याराच्या आकारातून हाताविषयी काही गोष्टी निश्चित कळतात. दोन्ही बाजू घडविलेली हातकुऱ्हाड तयार करताना एका हाताने गाभा घट्ट धरून सतत फिरवावा लागतो आणि दुसऱ्या हाताने हातोडीचा दगड ठरावीक कोनात मारावा लागतो. दोन हातांची ही वेगवेगळी कामे व बळकट अंगठा यांवाचून ती घडत नाही. येथे हात दिसत नाही, त्याची करणी दिसते. ती ज्या जातीच्या मानवाची, हे मात्र दगड सांगत नाही.

सह्याद्रीला लागून असलेल्या मावळ प्रदेशात तर ही उणीव निसर्गानेच निर्माण केली आहे. हा प्रदेश सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वीच्या दक्षिणी लाव्हारसाच्या थरांचा बनलेला आहे. हे थर मानवाच्या कोणत्याही पूर्वजाहून अतिशय प्राचीन असल्याने जीवाश्म सापडलेच, तर ते खडकावर नंतर साचलेल्या नदीच्या गाळातच सापडणार. लोणावळ्याच्या आसपास वर्षाकाठी ४,००० मिमी.हून अधिक पाऊस पडतो. उतार तीव्र, ओढे वेगवान आणि माती चुनारहित व आम्लधर्मी असल्याने गाळ फारसा साचत नाही व साचलेल्या गाळात हाड टिकत नाही. लोणावळ्याजवळ कुरवंडे येथे उगम पावणारी इंद्रायणी पूर्वेस वाहत जाऊन तुळापूरजवळ भीमेस मिळते. कुकडी व घोड या नद्याही सह्याद्रीतच उगम पावतात आणि त्यांचेही पाणी अखेर भीमेसच जाते. या नद्या पर्जन्यछायेच्या कोरड्या प्रदेशात उतरतात, तेथे चुनखडीयुक्त जाड गाळ आढळतो आणि पुणे जिल्ह्यातील प्राचीन मानवाचा पुरावाही तेथेच गोळा झाला आहे. कार्ले व भाजे येथील लेण्यांच्या भिंतींवर दोन हजार वर्षांपूर्वीच्या छिन्नीचे घाव अद्याप दिसतात. ते घालणाऱ्या हातांचे हाड मावळच्या मातीने राखले नाही. मग लक्षावधी वर्षांची गोष्ट दूरच. मावळात आद्य मानव वावरलाच नाही, असा निष्कर्ष यावरून काढणे चुकीचे ठरेल.

इनामगावचा पुरावा : शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेल्या इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. सांकलिया, म. के. ढवळीकर व झेड्. डी. अन्सारी यांनी केलेल्या या उत्खननात माळवा (इ. स. पू. सु. १६००–१४००), पूर्व जोर्वे (१४००–१०००) व उत्तर जोर्वे (१०००–७००) या कालखंडांतील शेतकऱ्यांची वसाहत उजेडात आली. या काळातील माणूस पूर्णतः आधुनिक असून त्याची हाडे काटेकोर अर्थाने जीवाश्म नव्हेत. तरीही हस्तपादास्थींवरून वर्तनाचे अनुमान कसे करावे, यासाठी महाराष्ट्रात याहून समृद्ध सामग्री दुसरी नाही. लहान मुलांना दोन मडकी तोंडाशी तोंड लावून त्यांत, बहुधा घराच्या जमिनीखाली, पुरलेले आहे. प्रौढांना खड्ड्यात उत्तर-दक्षिण उताणे ठेवलेले असून त्यांच्या पायांचा घोट्याखालील भाग नसतो. असाच प्रकार नेवासे व दायमाबाद येथील दफनांतही आढळला आहे.

पाऊल नसणे हा पुरावा मानावा की पुराव्याचा अभाव, हा येथील कळीचा प्रश्न आहे. लहान हाडे आपोआप नष्ट होतात, हे वर सांगितलेच आहे. परंतु मातीच्या रासायनिक क्रियेने पावलाची हाडे विरघळली असती, तर तितकीच लहान अशी हातांच्या बोटांची हाडेही विरघळली असती. श्वापदांनी ती नेली असती, तर नडगीची हाडे आपल्या जागी शिस्तीत राहिली नसती. घोट्याच्या पातळीवर, एकामागून एक दफनात, दोन्ही पायांस सारखीच उणीव दिसते, तेव्हा ती मानवी कृतीच असावी, असे उत्खननकांनी मानले आणि ते ग्राह्य वाटते. मृताने पिशाच होऊन परत येऊ नये किंवा घर सोडून निघून जाऊ नये, म्हणून पाय तोडीत असावेत, असा त्याचा अर्थ लावला जातो. या दोन अर्थांत मृताविषयीचे भय आणि मृताविषयीची माया इतके अंतर आहे. घरातच, माणसांच्या वावराच्या जागेखाली पुरण्याची पद्धत पाहता दुसरा अर्थ निदान पहिल्याइतकाच संभवनीय आहे. एका अपवादाने या प्रथेस आणखी अर्थ प्राप्त होतो. पाच खोल्यांच्या एका मोठ्या घराच्या अंगणात चार पाय असलेल्या मातीच्या रांजणात सु. ४० वर्षे वयाच्या पुरुषास बसविलेले आढळले. त्याची पावले मात्र तोडलेली नाहीत. तो वसाहतीचा प्रमुख असावा, असे ढवळीकरांचे मत आहे. ते मान्य केल्यास पावले शाबूत राहणे ही सामाजिक दर्जाची खूण ठरते.

जॉन ल्यूकॅक्स व सुभाष वाळिंबे यांनी इनामगावच्या सांगाड्यांचा अस्थिवर्णनात्मक अभ्यास १९८६ मध्ये प्रसिद्ध केला. अशा सामग्रीत पावलांच्या अभावाने काय गमावले आहे, ते इतर ठिकाणच्या अभ्यासाशी तुलना केल्यास ध्यानात येते. सिरियातील अबू हुरेरा येथील नवाश्मयुगीन स्त्रियांच्या पायाच्या अंगठ्यांच्या हाडांवर विशिष्ट झीज आढळली. पाट्यावर धान्य दळताना गुडघे टेकून व बोटे मागे दुमडून दीर्घकाळ बसल्याने ती झाली, असे थेया मॉल्सन यांनी दाखविले. बीजिंगजवळील त्यान्युआन गुहेतील सु. ४०,००० वर्षांपूर्वीच्या मानवाच्या पायाच्या बोटाचे हाड सडपातळ असल्याने तो पादत्राणे वापरीत असावा, असे अनुमान २००८ मध्ये करण्यात आले. जोर्वे संस्कृतीच्या वसाहतींत पाटे-वरवंटे मिळतात. तेव्हा दळण कोण करीत असे व कसे बसून करीत असे, पायात काही घालीत असत काय, या प्रश्नांची उत्तरे ज्या बोटांच्या हाडांत होती, तीच त्या लोकांनी आपल्या श्रद्धेपोटी मृतांपासून वेगळी केली.

तथापि, घोट्याच्या वर राहिलेला भाग अगदी मुका नाही. उकिडवे बसण्याच्या सवयीने घोटा पूर्ण वाकतो, नडगीच्या हाडाच्या खालच्या टोकाची पुढची कड घोट्याच्या हाडाच्या मानेवर टेकते आणि दोन्ही हाडांवर लहान गुळगुळीत पृष्ठके तयार होतात. लाहोर येथील शरीरशास्त्राचे प्राध्यापक हॅवलॉक चार्ल्स यांनी १८९३–९४ मध्ये पंजाबी लोकांच्या अस्थींत ती दाखवून दिली. खुर्चीवर बसणाऱ्या यूरोपीयांत ती क्वचित आढळतात. निअँडरथल मानवात मात्र ती आढळली आहेत. मावळातील भाताच्या खाचरात खुरपणी करणारी माणसे, चुलीपुढे किंवा ओट्यावर उकिडवे बसणारी वृद्ध मंडळी याच स्थितीत तासन्‌तास बसतात. अशा समाजातील अस्थी हा प्राचीन सांगाड्यांच्या वाचनाचा उत्तम मापदंड होय. या पृष्ठकांच्या जोडीपैकी खालचे घोट्याच्या हाडाबरोबर जाते. वरचे नडगीच्या हाडावर राहते आणि पाऊल तोडलेल्या सांगाड्यातही ते तपासता येते.